पाच वर्गांचं भाषण

आमच्या शाळेत भाषण करायचं नसे, म्हणायचं असे. बाई फुलस्केपच्या दोन पानांवर लिहून देत, आपण ते आठ दिवस घोकायचं आणि ठरलेल्या दिवशी स्टेजवर जाऊन पाढे म्हणतात तसं म्हणून टाकायचं. पाढ्यांचा एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो. सतरा सक्क्यावर अडकलात, तर पुन्हा सतरा एके सतरापासून सुरू करायचं, म्हणजे गाडी त्या जोरात पुढे निघते. भाषणालाही हाच नियम लागू आहे, असं आम्ही सगळीच मुलं समजत होतो, फक्त तो सर्वांसमोर वापरून बघण्याचा मान माझ्याकडे आला.

मी आठवीत होते. ठाण्यात खाडीच्या बाजूला आमची शाळा होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. विषय होता 'पाणी हेच जीवन'. "सन्माननीय अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजन आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो" इथून मी जोरात निघाले आणि दुसऱ्या परिच्छेदात, खळाळत्या निर्झरापाशी अडकले. निर्झर म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं, त्यामुळे त्याच्या पुढे काय येणार याचा अंदाज करणंही शक्य नव्हतं. मी डोळे मिटले आणि पुन्हा "सन्माननीय अध्यक्ष महाशय"पासून सुरुवात केली. निर्झरापाशी परत तेच. तिसऱ्यांदा ये रे माझ्या मागल्या झालं तेव्हा हॉलमधल्या मुलांनीच माझ्याबरोबर एका सुरात "अध्यक्ष महाशय" म्हटलं. खुद्द अध्यक्ष महाशयांनी तोंडावर रुमाल धरला होता.

त्या दिवसापासून माझं नावच अध्यक्ष महाशय पडलं. डबा खाताना, पाणी पिताना, प्रार्थनेच्या रांगेत, सगळीकडे. मी तशी रडूबाई नव्हते, भांडकुदळच होते, पण हे मला लागलं. वर्गात उत्तर येत असूनही मी हात वर करेनाशी झाले. बाईंनी नाव घेऊन उभं केलं तरी मी उत्तर फळ्यावर लिहून दाखवायचे. घरी आईला वाटलं मुलगी वयात आली म्हणून गंभीर झाली. खरी गोष्ट अशी होती की माझा आवाज गेला होता आणि तो परत येईल असं मला वाटत नव्हतं.

फाटकाशी टवाळ पोरं उभी असायची, म्हणून शाळा सुटल्यावर मी अर्धा तास वरच्या मजल्यावर रेंगाळायचे. तिथे मला शिपाईमामा भेटले. भेटले म्हणजे काय, ते रोजच होते. घंटा द्यायची, नोटीस फिरवायची, तास संपले की वर्ग बंद करायचे आणि कार्यक्रम असला की माईक लावायचा, ही त्यांची कामं. जवळच्या कोळीवाड्यात त्यांचं घर होतं. वीसेक वर्षं प्रत्येक समारंभात ते स्टेजच्या कडेला अँप्लिफायरच्या बटणावर हात ठेवून बसत आलेले. शाळेतली झाडून सगळी भाषणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला तो एकमेव माणूस असावा, कारण शिक्षक मागे बसून पेपर तपासत असत.

त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन खिडक्या लावता लावता विचारलं, "मधेच अडकली तर परत दारापासून कशाला येतेस, बाय? जिथं हायस तिथूनच पुढं जायाचं ना."

मला राग आला. म्हटलं, पुढचं आठवत नाही म्हणून तर मागे यावं लागतं. त्यावर ते म्हणाले की तुला पुढचं आठवत नाही, कारण पुढे काय आहे ते तू बघितलेलंच नाहीस.

मग त्यांनी एक रीत काढली. वरच्या मजल्यावर ओळीने पाच वर्ग होते. भाषणाचे पाच तुकडे करायचे आणि एका वर्गात एकच तुकडा बोलायचा. ते खिडक्या लावणार, तेवढ्यात माझं बोलून झालं पाहिजे. कुलूप लागलं की त्या वर्गात परत जायचं नाही, पुढच्याच वर्गात शिरायचं. कधी ते मुद्दाम तिसऱ्या वर्गापासून सुरुवात करत, कधी शेवटच्या. पहिल्या आठवड्यात माझी पाचावर धारण बसायची. महिन्याभरात असं झालं की तिसरा वर्ग म्हटलं की तिसऱ्या वर्गातली गोष्ट आपोआप तोंडात यायची, तिथल्या मोडक्या खिडकीसकट.

बोलायला विषयही हवा होता. पुढच्या वर्षी आमच्या शाळेत आंतरशालेय स्पर्धा भरणार होती, विषय 'श्रमप्रतिष्ठा'. बाईंनी नेहमीप्रमाणे लिहून दिलं, घामाच्या मोत्यांपासून सुरू होणारं. मी ते वर्गावर्गातून बोलून दाखवलं. मामा पाठ करून खिडक्या लावत राहिले, एकामागून एक, सटासट. पाचही वर्ग बंद झाल्यावर म्हणाले, "माजा हात एकदा पन थांबला नाय."

माझी परीक्षा त्या दिवसापासून ही अशी होती. मामांचा हात कडीवर थांबला तर वाक्य ठेवायचं, नाही तर काढायचं. घामाचे मोती गेले. कष्टाची गंगोत्री गेली. एकदा मी कंटाळून सहज सांगितलं की माझे बाबा वागळे इस्टेटला प्रेस मशीनवर आहेत, दिवसभराच्या धडधडीने त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते घरी ओरडून बोलतात, आणि चाळीतल्या लोकांना वाटतं आमच्याकडे रोज भांडण असतं. मामांचा हात थांबला. ते वळले आणि म्हणाले, हे बोल.

बाकीचं त्यांनी जाता येता सांगितलं. माईकपासून एक मूठ लांब उभं राहायचं. टाळ्या वाजल्या तर त्या संपू द्यायच्या, त्यांच्यावर बोलायचं नाही. भीती वाटली तर पायाची बोटं चपलेत आवळायची, ती कुणाला दिसत नाहीत. घाई करायची नाही, कारण लोक कुठे जात नाहीत, दारं आपणच लावलेली असतात. या शेवटच्या वाक्यावर ते स्वतःच हसले. बाईंनीही मोठेपणा दाखवला. मी त्यांचं भाषण बदलून नेलं तेव्हा त्यांनी ते शांतपणे वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि म्हणाल्या, हेच कर.

स्पर्धा झाली. कल्याण, डोंबिवली, पार शहाडपर्यंतच्या शाळांची मुलं आली होती. बोलता बोलता चौथा तुकडा माझ्या डोक्यातून साफ उडाला. आधीच्या वर्षी माझी बोबडी वळली असती. पण मी चौथ्या वर्गाला मनातल्या मनात कुलूप घातलं आणि सरळ पाचव्यात शिरले. कोणाला काही कळलं नाही. मला दुसरं बक्षीस मिळालं आणि अध्यक्ष महाशय हे नाव त्याच दिवशी संपलं.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. बक्षीस देताना पाहुण्यांनी कौतुकाने माईकवरूनच विचारलं, "एवढं छान भाषण तुझ्याकडून कुणी बसवून घेतलं?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "आमच्या बाईंनी." असंच म्हणायचं असतं. मामा चार हातांवर होते, पंजा आणि कोपर यांच्याभोवती वायर गुंडाळत. त्यांनी मान वर केली नाही. मी श्रमप्रतिष्ठेवर सात मिनिटं बोलून खाली उतरले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनीच सांगितलं की तू बरोबर बोललीस, शिपायाचं नाव घेतलं असतंस तर बाईंना वाईट दिसलं असतं. ते मनापासून बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रागावले असते तर माफी तरी मागता आली असती. जे मी माईकवरून चुकीचं बोलले होते, ते माईकवरूनच दुरुस्त करायला हवं होतं, आणि त्यासाठी माझ्या हातात एकच दिवस उरला होता. दहावीचा निरोपसमारंभ.

मुलींतर्फे मी बोलणार हे ठरलं. आभार कुणाचे मानायचे याची यादी ऑफिसातून येत असे. मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, शिक्षकवृंद, आणि शेवटी दोन शब्दांत सगळ्यांना उरकणारं 'शिक्षकेतर कर्मचारी'. मी बाईंना विचारलं की शिपाईमामांचं वेगळं नाव घेऊ का. त्या म्हणाल्या की एकाचं घेतलं तर बाकीच्यांना वाईट वाटतं, पद्धत नाही तशी. त्यांचंही खोटं नव्हतं. मी मान हलवली आणि तिथून थेट ऑफिसात जाऊन क्लार्ककाकांना मामांचं पूर्ण नाव विचारलं. दहा वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. क्लार्ककाकांनाही रजिस्टर उघडावं लागलं.

समारंभात मी यादीप्रमाणे सगळ्यांचे आभार मानले. मग थांबले. पायाची बोटं आवळली. मामांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, आडनाव, सगळं स्पष्ट घेतलं आणि सांगितलं की गेल्या वर्षी याच जागेवर मी अर्धवट खरं बोलले, ते आज पुरं करते. पुढचं काही मी लिहिलेलं नव्हतं. पाच वर्ग, पाच कुलपं, सगळं सांगितलं. मामा खाली वाकून अँप्लिफायरची बटणं उगाचच फिरवत राहिले. पहिली टाळी बाईंनी वाजवली, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

हॉल रिकामा झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेले. वाटलं होतं काही चूक काढतील. ते वायर गुंडाळायचे थांबले आणि हात पुढे करून म्हणाले, "तो कागद दे मला. घरी दाखवतो, नायतर बायको म्हनेल, थापा मारतोय."

कागद नव्हताच. त्यांनीच मला कागदावाचून बोलायला लावलं होतं. तसं मी सांगितलं तर ते नुसतं "बरं" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले. मला ते बघवेना. मी कार्यक्रमपत्रिका उलटी केली, स्टेजच्या पायरीवर बसले आणि जे बोलले होते ते आठवून आठवून लिहायला लागले. त्यांचं पूर्ण नाव सगळ्यात वर लिहिलं. ते शेजारच्या पायरीवर येऊन बसले. बरंचसं उतरलं, पण मधलं एक वाक्य काही केल्या मला आठवेना.

त्यांना आठवत होतं. शब्दन् शब्द. कुणी ऐकत नाही ना बघून, वायरच्या वेटोळ्याकडे नजर लावून, ते हळू आवाजात म्हणाले, "सगळे म्हणतात, मला बोलायला शाळेने शिकवलं. मला बोलायला शिकवलं ते शाळा सुटल्यावर."

मी ते लिहून घेतलं.