मांडीच्या वाटेनं

हौसेराव म्हणजे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातला जुना गडी. उमेदीची सगळी वर्षं पाठीवर गोणी वाहण्यात गेली. त्यामुळे त्या दुपारी, जुईनगरच्या घरी जेवून उठताना कमरेत सणकून कळ निघाली, तरी ते बायकोला एवढंच म्हणाले, "जरा बाम चोळ."

रंगूबाईंनी बाम आणलाच नाही. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, अंगाला गार घाम फुटला होता. असा घाम त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता, साताऱ्याला, थोरले दीर रावसाहेबांच्या कपाळावर. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटली होती त्यांची. डॉक्टरांनी छातीखालपासून ओटीपोटापर्यंत पोट उघडून वाचवलं, पण माणूस धड उभा राहायला अख्खा पावसाळा गेला. "हे भावंडांतही असू शकतं, तपासून घ्या," असं तेव्हाच सांगितलं होतं. हौसेरावांनी ते हसण्यावारी नेलं.

रंगूबाईंनी तडक अॅम्ब्युलन्स बोलावली.

इस्पितळात स्कॅन बघून डॉक्टर मनस्वी आल्या. जवळच्याच शिरवणे गावची मुलगी, बोलायला सरळ. "काका, धमनी फुटलीय. रक्त सध्या आतच अडून राहिलंय, म्हणून तुम्ही बोलताय. आता एक तर पोट उघडायचं, नाहीतर जांघेतून तार सरकवून धमनीच्या आत कापडी नळी बसवायची. तुमच्या धमनीत नळी बसेल."

"त्यानं वाचतील नक्की?" रंगूबाईंनी विचारलं.

"खोटं नाही सांगणार, काकू. जिवाला धोका दोन्हीत आहे, आणि सुरुवातीला फारसा फरक नसतो. पण नळीला जांघेपुरती भूल पुरते, आणि माणूस लवकर हिंडूफिरू लागतो. पुढं मात्र जन्मभर स्कॅन करत राहावं लागेल."

राजेश्वरीनं, त्यांच्या लेकीनं, साताऱ्याच्या काकांना फोन लावून बापाच्या कानाशी धरला. पलीकडून रावसाहेब म्हणाले, "मी पोट फाडून जगलो, त्याला नावं ठेवणार न्हाई. पन तुला सोपी वाट मिळतीया तर घे. मी निघालोच."

"घाला मांडीतनं," हौसेराव म्हणाले.

ऑपरेशनच्या टेबलावर ते जागेच होते. दिव्याखाली गार पडलेले, कानात स्वतःचीच धडधड. "श्वास रोखा, काका." त्यांनी रोखला. जड गोणी उचलताना रोखायचे तसाच. पडद्यावर धमन्यांच्या काळ्या रेघा उमलल्या. मग कुणीतरी म्हणालं, "प्रेशर वर येतंय," आणि मास्कआडून डॉक्टरांचा आवाज आला, "बसली. गळती थांबली."

हौसेरावांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, ते त्यांनी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवल्यावर रावसाहेब भेटले. दोन्ही जांघांतल्या चिमुकल्या पट्ट्या पाहून त्यांनी आपला सदरा वर केला आणि पोटावरचा लांबलचक व्रण दाखवला. "मला खोकायची धास्ती वाटायची. तू च्या मागतोयस."

"मग पाजा की."

चहा पिऊन हौसेराव कॉरिडॉरमध्ये चालायला निघाले. रंगूबाई हात धरायला गेल्या, तो त्यांनी अलगद सोडवला. टोकाला पोचून मागं वळून पाहिलं, तर मागोमाग निघालेले थोरले भाऊ अर्ध्या वाटेतच धापा टाकत भिंतीला टेकले होते, आणि पोट धरून हसत होते.