काटेपूर्णेचा उतार

मी अकोल्याच्या एका नालबंदाचा मुलगा. मोर्णेच्या काठी, किल्ल्याच्या भिंतीखाली आमचं दुकान होतं. घोडी, तट्टं, बैल असं जे जनावर नाल ठोकायला येई, ते नाल ठोकून झाल्यावर अब्बा माझ्या हाती देत आणि म्हणत, "जरा फिरवून आण. लंगडते का पाहून घे." त्यामुळे घोड्यावर बसणं मला कोणी शिकवलं नाही. मी कधी शिकलो तेही मला आठवत नाही.

ते दिवस कापसाचे होते. विलायतेच्याही पलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई चालली होती. तिथला कापूस यायचा बंद झाला होता, आणि आमच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला बापजाद्यांनी ऐकला नव्हता असा भाव आला होता. आगगाडी अकोल्यापर्यंत येऊन थांबली होती आणि तिच्यासोबत तारही आली होती. मुंबईचा भाव सकाळी अकोल्याच्या ठेसनावर कळायचा, पण तिथून अमरावतीला न्यायला घोडाच लागायचा. म्हणून अमरावतीच्या एका मोठ्या शेठनं दोन स्वार ठेवले होते. अकोला ते मूर्तिजापूर मी, आणि तिथून पुढे दुसरा. शेठचा अकोल्यातला मुनीम चिठ्ठी मेणकापडात गुंडाळून, वर लाख लावून माझ्या हाती द्यायचा. मी ती कमरेला बांधायचो. आत काय आहे ते मी कधी विचारलं नाही. मला फक्त पळायचं असायचं.

घोडी शेठची होती, तांबूस रंगाची, अरुंद छातीची आणि फार समजूतदार. बोरगावच्या पुढे सपाट रस्ता लागला की ती मान लांब करायची आणि मी तिच्या मानेवर झुकायचो. शेतात कापूस वेचणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. त्या बघतात हे मला माहीत असायचं. तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. मूर्तिजापूरला पोचल्यावर दुसरा स्वार विचारायचा, "आज किती घाईत आला?" मी आकाशातल्या सूर्याकडे बोट दाखवायचो, जसं काही तो माझ्याच मागे धावत आला होता.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. बायको अमरावतीची. तिचा मोठा भाऊ तिथे भुसारी दरवाज्याजवळ कापसाची थोडीफार देवघेव करायचा. आई-बाप लहानपणीच गेले होते, भावानंच तिला वाढवलं होतं. तिच्या तोंडी दिवसातून दहा वेळा "माझा भाई" यायचं.

उन्हाळा लागत होता तेव्हाची गोष्ट. त्या सकाळी मुनीमानं चिठ्ठी देताना पहिल्यांदाच माझा हात धरला. "आज थांबू नको कोठीच," तो म्हणाला. मी थांबत नव्हतोच.

कुरणखेडच्या अलीकडे काटेपूर्णा आडवी येते. तिथे रस्ता एकदम खाली उतरतो, मोठ्या दगडगोट्यांचा. उताराच्या टोकावर आलो तेव्हा खाली गाड्यांची रांग दिसली. अमरावतीकडून कापूस अकोल्याच्या ठेसनाकडे चालला होता आणि गाड्या नदी ओलांडून चढ चढत होत्या. पुढे मी सगळ्यांना हेच सांगत आलो की एक गाडी अचानक मागे घसरली आणि आडवी आली. ते खोटं नाही. पण गाड्या मला वरूनच दिसल्या होत्या, हेही खरं आहे. लगाम ओढायला वेळ होता. मी ओढला नाही. गाडीवान वर बघत होते, आणि त्यांच्यामधून आपण कसे निघून जातो ते त्यांना दाखवावं असं मला वाटलं.

चढावरच्या एका गाडीची बैलजोडी दमली आणि गाडी मागे सरून तिरपी झाली. घोडीनं वळायचा प्रयत्न केला. तिचे पुढचे पाय गोट्यांवरून सुटले. मी पडलो तो गाडीच्या चाकापाशी, आणि चाक अजून थांबलं नव्हतं. डाव्या गुडघ्याच्या खाली मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुखायला नंतर लागलं.

गाडीवान धावले. त्यांच्यासोबत तट्टावर एक मुकादम होता. त्या गाड्या शेठच्याच होत्या, मुकादमही शेठचाच. त्यानं मला ओळखलं. तो माझ्याजवळ गुडघ्यावर बसला तेव्हा मला वाटलं, हा पाय पाहतो आहे.

"चिठ्ठी कोठी हाय?" त्यानं विचारलं.

"कमरेले."

त्यानं माझा सदरा वर केला, गाठ सुटेना म्हणून सुरीनं कापली, चिठ्ठी एका माणसाच्या हाती दिली आणि आपलं तट्टू देऊन त्याला मूर्तिजापूरकडे पिटाळलं. मग घोडीचे गुडघे तपासले. मग गाड्यांकडे वळून म्हणाला, "चाला, गाडी सुटून जाईन." तो आगगाडीबद्दल बोलत होता. मला दोघांनी उचलून वाळूत, झुडपाच्या सावलीत ठेवलं. शेवटची बैलगाडी चढून गेल्यावर एक गाडीवान परत आला, त्यानं शेजारच्या शेतातून खाट आणि माणसं आणली आणि मला कुरणखेडला नेलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कुरणखेडला एक कुणब्याची विधवा म्हातारी हाडं बसवायची. माणसांची आणि बैलांचीही. तिनं चार जणांना मला धरायला लावलं आणि पाय ओढला. मग उडदाचं पीठ आणि अंडं लावून बांबूच्या कांब्या बांधल्या. "हाड जुडन," ती म्हणाली, "पन पाय पयलेसारखा नाही होनार. आताच सांगून ठेवते, मंग मले बोल लावू नको."

दोन दिवसांनी अब्बांनी मला गाडीतून अकोल्याला घरी आणलं, आणि आठवडाभरानं बायकोचा भाऊ मला बघायला आला. खाटेशी बसून राहिला, माझ्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघत. जाताना बहिणीशी दाराबाहेर बराच वेळ बोलला. नंतर कळलं की त्याचा धंदा बुडाला आणि तो हैदराबादेकडे निघून गेला. विलायतेपलीकडची लढाई संपून कापसाचा भाव कोसळला होता आणि अनेकांचं तसंच झालं होतं, म्हणून मी जास्त विचारलं नाही. मला तेव्हा माझ्या पायापलीकडे काही सुचत नव्हतं.

पावसाळाभर मी अब्बांच्या दुकानात खाटेवर पडून होतो. कांब्या सुटल्या तेव्हा डावा पाय दोन बोटं आखूड झाला होता आणि गुडघा वाकत नव्हता. अब्बांनी तो दोन्ही हातांनी चाचपला, जसा ते घोड्याचा पाय चाचपत, आणि भट्टीकडे गेले. एक दिवस माझी घोडी नाल ठोकायला आली. नवा स्वार तिच्यासोबत होता. तिच्या गुडघ्यांवर केस उगवले नव्हते. मी हाक मारली, तर तिनं कान हलवले. त्या माणसानं लगामाला असा हिसका दिला की तिच्या ओठाच्या कडेला फेस लाल झाला. "तोंड कठीण आहे हिचं," तो अब्बांना म्हणाला. तिचं तोंड कठीण नव्हतं. मी दोन बोटांनी तिला वळवायचो.

त्या दिवशी मी ठरवलं की पुन्हा घोड्यावर बसायचं.

अब्बा म्हणाले, "अल्लानं जान वाचवली ते पुरत नाही तुले?"

"मी घरी बसून काय करू?"

"लोखंड तापव. मी बसूनच करून राहिलो नं चाळीस वर्षं."

मी ऐकलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कुंभार होता. माती वाहायचं एक म्हातारं तट्टू त्याच्याकडे होतं, ते त्यानं मला सकाळच्या वेळी दिलं. डावा पाय रिकिबीत घालून चढता येईना, म्हणून मी उजवीकडून चढायला शिकलो. तट्टाला ती बाजू माहीत नव्हती, ते दर वेळी सरकायचं आणि मी खाली. मोर्णेवर धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या. पूर्वी बाया बघायच्या तेव्हा मला आवडायचं. दहा-बारा दिवसांनी अब्बांनी एक लांब पट्ट्याची, रुंद रिकीब माझ्यापुढे टाकली. वाकत नाही असा पाय तिच्यात सरळ राहत होता. "पडायचंच हाय तर नीट पड," ते म्हणाले.

सपाटीवर महिन्याभरात जमलं. पण उतार आला की काहीतरी व्हायचं. तट्टाची मान खाली गेली, की माझा डावा पाय पोटापासून ताठ व्हायचा आणि हात लगाम सोडून अयाळ धरायचे. नदीच्या घाटाचा उतार तो केवढा, शेळ्या धावत जातात तिथून. मी खाली उतरायचो आणि तट्टाला हातानं धरून न्यायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, जनावर म्हातारं आहे.

हिवाळा लागल्यावर मी ते तट्टू घेऊन एकटा काटेपूर्णेवर गेलो. पहिल्या दिवशी तीनदा चालत उतरलो आणि परतलो. दुसऱ्या दिवशी बसून अर्ध्यापर्यंत गेलो आणि ओकलो. चौथ्या दिवशी पुरता खाली आलो. डोळे मिटलेले होते, तट्टूच काय ते बघत होतं. मला वाटलं होतं की पाण्यात पोचल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. फक्त मी खाली होतो. तरी त्यानंतर मी आणखी सात-आठ वेळा उतरलो, शेवटी डोळे उघडे ठेवून. मग शेठकडे जायचं ठरवलं.

अमरावतीला पोचायला मला दोन दिवस लागले. शेठनं मला गादीजवळ बसवलं, पान दिलं. मी सांगितलं की मी पुन्हा घोड्यावर बसतो, उतारही उतरतो.

"आता घोडा काय कामाचा, मियाँ?" ते हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. "बडनेऱ्यापावतर रूळ आले, तार आली. स्वार म्या दिवाळीलेच काढून टाकले. तुमी असं करा, वखारीच्या फाटकावर बसा. बसल्या जागी काम हाय."

मी पान तसंच खाली ठेवलं. त्याचा त्यांनी वेगळा अर्थ घेतला असावा, कारण ते पुढे सरकून हळू आवाजात म्हणाले, "तुमचे उपकार मी विसरलो नाही. त्या दिवशी तुमी पडले, पन चिठ्ठी मले ऊन कलताना भेटली. भाव पडल्याची चिठ्ठी होती ते. गावात कोनालेच ठाऊक नव्हतं. दिवा लागेपावतर सारा माल काढून टाकला."

"कोनाले?"

"जो भेटला त्याले. भुसारी दरवाज्यापाशी एक तुमच्यातलाच पोरगा होता, त्यानं तर हात जोडून घेतला. सस्त्यात भेटून राहिला म्हणे."

मी उठलो. फाटकाचं काम नको म्हणालो. शेठना वाईट वाटलं. त्यांनी मला दरवाज्यापर्यंत पोचवलं, आणि मी तट्टावर उजवीकडून चढतो ते बघून एका नोकराला मदतीला पाठवलं. मी त्याचा हात झटकला.

परत येताना काटेपूर्णेचा दुसरा काठ कसा उतरलो ते मला आठवत नाही.

घरी बायको ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"तुमाले आज समजलं?" ती म्हणाली.

"तुले ठाऊक होतं?"

"भाईनं जाताना सांगतलं. चिठ्ठी कोनाची, कोनी आनली, सारं त्याले मागून समजलं."

"मंग मले कावून नाही सांगतलं?"

"तुमचा पाय मोडला होता. मोडक्या माणसाले काय सांगायचं." ती थोडा वेळ खडे वेचत राहिली. "मंग पाय सुधरला, तर तुमी रोज सकाळी त्याच माणसाकडं जायची तयारी करून राहिले होते. म्या पाहत होती. म्हटलं, पाहू, तुमाले कधी समजते."

मी म्हणालो की चिठ्ठीत काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "तुमी विचारलंच नव्हतं."

त्यानंतर आमच्यात भांडण असं झालं नाही. ती रांधायची, वाढायची, अम्मीशी बोलायची. माझ्याशी लागेल तेवढंच. तिच्या भावाचा निरोप कधी आला नाही.

पुढल्या वर्षी मी एलिचपूरला गेलो. तिथून मेळघाटात डाक न्यायला स्वार हवा होता, कारण त्या डोंगरात ना रूळ जाणार होते ना तार. बायको दोन वर्षांनी आली, अम्मी वारल्यावर. सेमाडोहच्या वाटेला सपाटी अशी नाहीच, एक उतार संपला की दुसरा. थंडीत हाड असं ठणकायचं की दात आवळून बसावं लागे, आणि प्रत्येक उतारावर तो पाय पोटापासून ताठ व्हायचा. पहिल्या दिवशी झाला तसाच शेवटच्या दिवशीही. अकरा वर्षं मी ती डाक नेली. लोक म्हणायचे, लंगडा असून काय हिंमत आहे. तिथे बघायला कोणी नव्हतं, मनात आणलं असतं तर दर उताराला खाली उतरून चालत जाता आलं असतं. मी उतरलो नाही, कारण एकदा उतरलं की त्या पायानं पुन्हा चढायला बरोबर उंचीचा दगड शोधत फिरावं लागायचं.