कात्रीबाईची दुभाषेगिरी

कारखान्यात तिला सगळ्या कात्रीबाई म्हणायच्या. बावीस वर्षं शाळेच्या गणवेशाचं कापड कापून हिचा अंगठा कात्रीला चिकटलाय आणि जिभेलाही तीच धार आलीय, असं शिवणाऱ्या बायकांचं मत. फर्मा, म्हणजे पुठ्ठ्याचा नमुना, एकदा कापडावर ठेवला की ती पुन्हा मोजायची नाही. "मोजायचं नवशिक्यांनी!"

अशा बाईची गट्टी जमली ती पाहुणीशी. पाहुणी कुठल्याशा दूरच्या देशातून आलेली, सदऱ्यांना बाह्या जोडायची, हात सफाईदार. पण तिची भाषा इथे कुणाला येईना आणि इथली तिला. पहिल्या दिवशी सगळ्याजणी तिच्याशी ओरडून बोलत होत्या.

"अगं, बहिरी नाहीये ती!" कात्रीबाई खेकसली आणि स्टूल ओढून हातांनी सुरू झाली. दोन बोटं वर, दोरा संपला. कपाळावर मूठ, साहेब आले. स्वतःच्या छातीवर तळवा, माझ्यावर सोड. पाण्याचा नळ, सुट्टीचा अर्ज, भाड्याची खोली, सगळं पाहुणीला त्या तळव्याच्या भरवशावर मिळालं. सहा महिन्यांत दोघी इतक्या रंगात यायच्या की बाकीच्या म्हणायच्या, "अहो, आम्हालाही सांगा की काय झालं!"

त्या मंगळवारी पाहुणी एक बाही घेऊन कापायच्या टेबलाशी आली. सदऱ्याच्या खांद्याला लावून दाखवली. बोटभर कमी.

कात्रीबाईने टेबलावरचा फर्मा उलटून पाहिला. लहान मापाचा फर्मा! अडीचशे सदऱ्यांच्या बाह्या कापून झालेल्या. आणि साहेबांनी कालच सांगितलेलं, कापायचं मशीन येतंय, दोन कापणाऱ्यांपैकी एकच राहील.

तिने इकडेतिकडे पाहिलं. मग बाही दोन्ही हातांनी ताणून दाखवली. ओढून घे, शीव.

पाहुणीने पुन्हा बोट ठेवलं. कमी आहे.

कात्रीबाईने तळवा छातीवर ठेवला. पाहुणी मुकाट्याने जाऊन शिवायला बसली.

आठवड्याने सगळा माल परत आला. साहेबांनी दोघींना आत बोलावलं आणि एक सदरा टेबलावर आपटला.

"हा खांदा आहे की कोबीचा गड्डा? एवढ्या चुण्या? विचारा हिला, काय केलं हे. हिचं तुम्हालाच कळतं."

"विचारते, साहेब."

पाहुणी तिच्या हातांकडे बघत होती. हात वर आले, हवेत थबकले, आणि तळवा छातीवर गेला. पाहुणीने लगेच मान डोलावली.

"काय म्हणते?"

"म्हणते... चूक झाली. घाईत झालं म्हणते."

"कबूल तरी करते!" साहेबांनी पाहुणीला मशीनवरून काढलं आणि दोरे कापायच्या टेबलावर धाडलं. दिवसभर उभ्याचं काम. बाहेर आल्यावर पाहुणीने कात्रीबाईचा दंड हळूच दाबला. यापेक्षा वाईट होणार होतं, ते हिने टाळलं, असं वाटून ती आभार मानत होती.

घरी नवरा म्हणाला, "भाजीत मीठ नाही, तोंडात शब्द नाही. झालंय काय?"

"अहो, मी एका बाईच्या तोंडी खोटं घातलं." मग तिने सगळं सांगून टाकलं.

"मग उद्या जाऊन खरं सांग. साहेबांच्या आधी तिला."

"कसं सांगू? दोऱ्याला खूण आहे, नळाला आहे. 'मी खोटं बोलले' याला आमच्यात खूणच नाही."

"लागली नसेल आजवर," नवरा म्हणाला आणि ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कात्रीबाईने दोन फर्मे एकमेकांवर ठेवले. बोटभर फरक दाखवला. कात्री उचलली, बोट स्वतःकडे. मग साहेबांची खोलीच उभी केली: साहेब होऊन टेबल बडवलं, स्वतःच्या जागी उभी राहून पाहुणीकडे बोट केलं, पाहुणी होऊन मान खाली घातली.

"कात्रीबाई, नाटक कंपनीत चाललात काय?" मागून कुणी तरी ओरडली. हशा पिकला. पाहुणीही हसली.

मग तिचं हसू हळूहळू विरत गेलं. तिने फर्मे हातात घेतले, फरकावर बोट फिरवलं. आणि बोलायला लागली, तिच्या स्वतःच्या भाषेत, हळू आवाजात, बराच वेळ. हात खालीच होते. कात्रीबाई मान वर न करता उभी राहिली. बोलून झाल्यावर पाहुणीने फर्मे तिच्या पुढ्यात टाकले आणि पाठ फिरवली.

कात्रीबाई ते उचलून थेट साहेबांकडे गेली.

"साहेब, बाह्या मी चुकीच्या कापल्या. तिने दाखवलं होतं, मीच गप्प केलं. तिचं मशीन परत द्या. माझं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

साहेबांनी फर्मे उलटसुलट करून पाहिले. "ठरवतो. पण त्या दिवशी तिचं म्हणणं काय होतं?"

"ते मला माहीत नाही, साहेब. मी तिला विचारलंच नव्हतं."