अंगावरच्या खुणा

पाळणाघरासाठी मी वहीत नियम लिहिले. त्यातला तिसरा असा, की सकाळी मूल आलं की त्याच्या अंगावरच्या खुणा पालकांसमोर लिहून ठेवायच्या. आज पहिलीच आई आली आणि तिथंच अडली.

"मावशी, मी काय पोरीला मारते?"

माझी मान खाली गेली. "तसं नाही हो. संध्याकाळी तुम्ही मला तेच विचाराल, याची भीती वाटते."

आता ती उठून जाणार, असंच वाटलं. पण तिनं चार वर्षांच्या लेकीची बाही वर केली. कोपरावर डास चावलेला, गुडघ्याला खरचटलेलं. मी सावकाश लिहीत होते. मनात आलं, माझ्या स्वतःच्या पोरांना मी कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. विश्वास असला की माणूस बघायचंच सोडतो की काय?

लिहून झालं, तर ती लेक माझ्या मनगटाकडे टक लावून बघत होती. तिथं तव्याचा जुना डाग आहे. तिनं त्यावर बोट ठेवलं.

"हे नाही लिहिलं?"

तिची आईही वाकून बघू लागली. मी पान उलटलं आणि वर माझं नाव घातलं.