खिडकीतला जर्मनचा पेला

कल्याणचे नाना डॉक्टर गेल्याचं मला वहिनीनं सांगितलं. बाजारात कुणाकडून तरी ऐकून आली होती. हातातली पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, “भावोजी, आपले नाना गेले हो...” आणि आम्ही दोघांनीही नकळत स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. स्वातंत्र्य नवं होतं, माझी पदवीही नवी होती. मुरबाडकडच्या आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिलाच. ठाण्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि डोंबिवलीला दादा-वहिनींच्या दोन खोल्यांत राहू लागलो. थंडीत सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला राहिला. महिना उलटला तरी हटेना. असा खोकला म्हटला की लोकांच्या मनात एकच नाव येई, क्षयाचं, आणि ते घरात कुणी उच्चारत नसे. मला कुणी काही म्हणालं नाही. मीच माझं अंथरूण बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात नेलं, चहासाठी जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला वेगळा काढून खिडकीत ठेवला आणि दादाच्या रांगत्या शकूला उचलून घेणं सोडलं. चाळीत ऐकू जाऊ नये म्हणून रात्री खिडकी घट्ट लावायचो. शकूनं हात वर केले की वर्तमानपत्र उघडून त्यामागे तोंड लपवायचो... ते आठवलं की आजही कान तापतात.

डोंबिवलीत ओळखीचे फार, म्हणून कल्याण गाठलं. नानांसमोर बसून म्हणालो, “माझ्या एका मित्राला खोकला आहे.”

“बरं. संध्याकाळी अंग तापतं का मित्राचं?”

“नाही.”

“थुंकीतून रक्त? रात्री घाम? वजन उतरलंय?”

“नाही. पण आडवं झालं की घशात काहीतरी उतरतं, आणि...” एवढ्यात मलाच उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकलो.

नानांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. “घ्या. आणि मित्राला सांगा, सदरा काढ.”

त्यांनी छातीला, पाठीला नळी लावून सावकाश तपासलं. खोटा धीर दिला नाही. “मला तसं काही वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर सोडायचं नाही. थुंकी तपासू, छातीचा फोटो काढू.” मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “झोपता कुठे?”

“स्वयंपाकघरात.”

“शेगडी?”

“उशाशीच. पहाटे वहिनी पेटवते.”

“आणि खिडकी?”

“रात्री घट्ट लावतो.”

तपासणीत काही निघालं नाही. ते सांगायला पुढच्या रविवारी नाना स्वतः घरी आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून काळवंडलेल्या भिंती बघत म्हणाले, “सर्दीनं आणलेला खोकला तुम्ही धुरात कोंडून ठेवलात, बीए. अंथरूण बाहेर, खिडकी उघडी. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. नाही हटला तर पुन्हा या. मित्रालाही आणा.”

वहिनीनं पाहुण्यांच्या कपातून चहा आणला. नानांनी खिडकीतल्या पेल्याकडे बोट दाखवलं. “मला त्यात द्या.”

“अहो, तो नको! तो भावोजींचा...”

“गळतो का?”

“नाही.”

“मग?”

वहिनीनं पेला दोनदा विसळला आणि चहा ओतला. नाना निवांत, फुंकर मारत सगळा चहा प्याले. शकू रांगत आली आणि तिनं सवयीनं माझ्यापुढे हात वर केले. वर्तमानपत्र जवळच होतं. नाना माझ्याकडे बघतही नव्हते... मी तिला उचललं.

खोकला हळूहळू गेला. वहिनीला तो पेला डोळ्यांपुढे नको होता. मोडीत देऊन टाकते म्हणाली. दादानं तो खिडकीच्या फटीत अडकवला, वाऱ्यानं झडप लागू नये म्हणून. तो तिथेच आहे.

नाना गेल्याचं कळलं त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. संध्याकाळी ठसका लागला. शेजारच्या गॅलरीत माणसं बोलत बसली होती. काही कळायच्या आत माझा हात खिडकी ओढायला गेला. मध्ये तो पेला आला.

मी हात मागे घेतला, आणि तिथेच उभा राहून खोकलो.