कीबोर्ड जोडला की

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचं बोलणं गेलं, उजवा हात गेला. समज मात्र शाबूत राहिली. लालबाग-परळच्या मैदानांवर ते कबड्डीचे पंच होते. त्यांना शिट्टी लागत नसे, "बाद!" म्हणून ओरडले की पलीकडच्या गल्लीत कळायचं. आता घशातून नुसती घरघर यायची. डाव्या हाताचं एक बोट तेवढं नीट चालत होतं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "स्क्रीनवर मोठी अक्षरं द्या. ते बोटाने लिहितील, मशीन वाचून दाखवेल."

त्याच सुमारास माझा लॅपटॉप शेवटच्या घटका मोजत होता. मी घरून एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. त्या कामाला विंडोज चालत नाही, लिनक्सच लागतं. मी ठरवलं, स्क्रीन कीबोर्डपासून सुटी होते असं मशीन घ्यायचं. जोडलं की माझा लॅपटॉप, सोडवलं की बाबांचा टॅब.

मित्र म्हणाला, "अरे येड्या, बाबांना साधा टॅब घे ना. तुझं लिनक्सचं लफडं त्यांच्या गळ्यात कशाला?"

"एकात दोघांचं भागतंय रे."

"दोघं एकाच टॉवेलने अंग पुसता काय?"

मी हसलो. पैशाचा प्रश्न नव्हता. पण चाळीतल्या एका खोलीत वाढलेल्या माणसाला एका वस्तूचं एकच काम ही चैन वाटते. आमच्याकडे ट्रंकेवर गादी टाकली की बसायची जागा व्हायची आणि आईच्या शिलाई मशीनच्या फळीवर माझा अभ्यास.

लिनक्स प्रत्येक मशीनवर धड चालतंच असं नाही, म्हणून लॅमिंग्टन रोडच्या दुकानात मी पेनड्राइव्हवर ते घेऊन गेलो आणि एकेक मशीन त्यावरून सुरू करून पाहिलं. एकाचा टच चालेना, एकाला वाय-फाय सापडेना, एकाची स्क्रीन आडवी धरली तरी अक्षरं उभीच. दुकानदार वैतागला. "साहेब, लोक विंडोज टाकून मागतात, तुम्ही काढायला आलात!" शेवटी एका मशीनवर सगळं चाललं. मिटून उघडलं तरी लगेच जागं झालं. मी खूश. दोघांना ते एकाच वेळी लागलं तर काय, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही.

घरी येऊन मी स्वतःच छोटा प्रोग्रॅम लिहिला. मोठी अक्षरं, खाली हिरवं बटण. ते दाबलं की मशीन वाचून दाखवायचं. पहिल्या दिवशी बाबांनी बराच वेळ घालवून लिहिलं, 'चहात साखर घाल.' तो यांत्रिक आवाज ऐकून आम्ही दोघंही हसलो. बाबांचं हसू ओठांच्या एकाच बाजूला यायचं.

पण ऑफिस सुरू झालं की मी स्क्रीन उचलायचो. "एक मिनिट हं बाबा," म्हणायचो. कीबोर्ड खटकन बसायचा आणि संध्याकाळपर्यंत बाबा मुके. त्यांना तहान कधी लागते हे मी अंदाजाने ठरवू लागलो. ते तक्रार करत नाहीत, असं स्वतःला सांगायचो. तक्रार लिहायची ती कशावर?

एका रविवारी दुपारी ते लिहीत बसले होते. ऑफिसचा फोन आला, सर्व्हर बंद पडला होता. मी स्क्रीनला हात घातला. तिच्यावर अक्षरं होती, 'तुझ्या आईला मी'. आई जाऊन काही वर्षं झाली होती. बोलता येत होतं तेव्हाही बाबांनी तिचा विषय कधी काढला नव्हता. मी ते वाचलं, आणि वाचूनही स्क्रीन ओढली. त्यांनी डाव्या हाताने कड धरून ठेवली होती. मी त्यांची बोटं सोडवली.

काम आटोपून कीबोर्ड काढला तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्षरं तशीच होती. मी स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. "बाबा, लिहा ना. आईचं काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खोडायच्या बटणावर बोट ठेवून एकेक अक्षर पुसत गेले. सगळं पुसल्यावर हात चादरीखाली घेतला.

दुसऱ्या दिवशी मी दादरला जाऊन साधा टॅब आणला. रोज सकाळी तो चार्ज करून बाबांच्या डाव्या हाताशी ठेवतो. पाणी हवंय का, कूस बदलू का, मी विचारतो. ते डोळे मिटून होकार देतात. टॅबला त्यांनी अजून बोट लावलेलं नाही.

माझं मशीन उत्तम चालतं. कीबोर्ड मी आता काढतच नाही.