कऱ्हाटीलाच गाडी वळवायला हवी होती

जीप द्यायला निघालो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. इंजिनाने तीन उचक्या देऊन सूर धरला, पण पुण्यातल्या आमच्या गल्लीतल्या एकाही कुत्र्याने भुंकण्याची तसदी घेतली नाही. त्यांच्या तीन पिढ्या हा आवाज ऐकतच मोठ्या झाल्या होत्या. मी जीपखालचं घमेलं ओढून काढलं, त्यातलं तेल झाडाच्या मुळाशी ओतलं आणि घमेलं मागच्या बाकाखाली सरकवलं. आमची जीप जिथे उभी राही तिथे तेल सांडे, म्हणून घमेलं बरोबर घेतल्याशिवाय आम्ही कुठे गेलोच नाही. आमचे हे म्हणत, "तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे. गळायचं थांबलं की काळजी करायची."

हे नीरेच्या कालव्यावर नोकरीला होते. बारामतीपासून इंदापूरपर्यंत कालव्याच्या भरावावरून याच जीपमधून फिरायचे. पुढे ती लिलावात निघाली आणि यांनी घेतली. मला विचारलं नाही, एवढंच आज सांगते. तेव्हा आठ दिवस मी यांच्याशी बोलत नव्हते. त्यानंतरचे रविवार जीपचे. आठ वाजता हे खाली आडवे व्हायचे, मला दुपारपर्यंत फक्त दोन पाय दिसायचे. भाचीच्या लग्नाला निघालो आणि शिरवळच्या अलीकडे मागचा आख तुटला; अक्षता पडल्या तेव्हा मी नऊवारी नेसून रस्त्याकडेच्या दगडावर बसले होते.

जुनी जीप ठेवणाऱ्याला भेटेल तो माणूस एकच प्रश्न विचारतो: "परवडते का हो?" हे कधी उत्तर द्यायचे नाहीत. हसायचे आणि माझ्याकडे बोट करायचे. "यांना विचारा." मग मी ठसक्यात सांगायची, "अजिबात नाही!" विचारणारा हसायचा, हेही हसायचे. आमचं ते ठरलेलं नाटकच होतं. पण हे निवृत्त झाले आणि मी तेच वाक्य पाहुणे नसतानाही बोलायला लागले. आता तरी रविवार मला द्या, मी म्हणाले. दोन पावसाळे भुणभुण केली. अखेर एका संध्याकाळी हे म्हणाले, "नरसिंहपूरजवळ एक भालेराव सर आहेत. त्यांना हवी आहे." मी लगेच कॅलेंडरवर खूण केली.

दिवे घाटात रेडिएटर उकळला, ते अपेक्षितच होतं. सासवड, जेजुरी मागे पडली. मोरगाव सोडलं तसं ऊन चढायला लागलं. दोन्हीकडे बाभळी, उघडी माळरानं, मध्येच विहिरीच्या पाण्यावर एखादा हिरवा तुकडा. कऱ्हाटीच्या फाट्यावर जीपने दोन हिसके दिले आणि ती गप्प झाली.

यात नवं काही नव्हतं. उन्हात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ते ओढेनासा होतो. त्यावर औषध म्हणजे पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वाट बघायची. समोर चहाची टपरी होती. टपरीवाले आबा, पांढऱ्या मिशांचे, स्वतःच कळशी घेऊन आले. "कालव्याची जीप न्हवं ही?" त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली. "मोडीत निगाली आसंल म्हनलं कवाच. तात्या, अजून सांभाळली व्हय तुमी?"

"अठरा वर्षं," हे म्हणाले.

"परवडती का पर?"

"यांना विचारा."

"अजिबात नाही!" मी म्हणाले. आबा हसले. हे हसले नाहीत. ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी फडकं पिळत होते.

चहा घेऊन आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. हे बराच वेळ जीपकडे बघत होते. मग म्हणाले, "तुला खरंच वाटतं, द्यावी?"

"अहो, सरांना शब्द दिलाय. ते वाट बघत असतील."

"शब्दाचं मी बघतो. तुला काय वाटतं ते विचारतोय."

"मला वाटतं, फडकं वाळलं असेल." एवढं बोलून मी उठले. मला त्यांचा प्रश्न कळला नव्हता असं मुळीच नाही. मला तो नको होता.

बारामतीत स्टँडजवळच्या खाणावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, मटकीची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि न मागता आलेला कांदा. वाढणाऱ्या बाई यांच्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "भाकरी तशीच ठिवली की हो. घास गोड लागंना का?" हे म्हणाले, ऊन आहे. पुढे इंदापूरपर्यंत उसाचे फड दिसत राहिले आणि अधूनमधून कालवा. एरवी या रस्त्याला लागलं की यांचं तोंड थांबत नसे. "कालव्याचा हा दरवाजा मी बसवला, त्या पुलावर आमची जीप पुरात अडकली." मी शंभरदा ऐकलं होतं सगळं. त्या दिवशी एक शब्द नाही. शेवटी मीच म्हणाले, "तो पूल हाच ना?" हे म्हणाले, "हो." आणि गिअर बदलला.

नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. आम्ही घाटाच्या दगडी पायऱ्या उतरून पाण्यात पाय सोडले. नीरेचं पाणी जरा गढूळ, भीमेचं संथ. थोडं पुढे गेल्यावर कुठलं कोणतं ते सांगता येत नव्हतं. देवळात घंटा वाजत होती, खाली दोन बायका घोंगड्या धूत होत्या. मला फार बरं वाटलं. आता परत जाताना एसटीने जायचं, वाटेत बंद पडायची धास्ती नाही, याचाच मी विचार करत होते.

सरांची वस्ती नदीच्या काळ्या रानात. मुख्य रस्त्यापासून अर्धा मैल गाडीवाट, आणि त्याच दिवशी चारी (शेतात पाणी नेणारा लहान पाट) फुटून त्या वाटेचा चिखल झालेला. मधोमध डाळिंबाचे क्रेट भरलेला टेम्पो रुतला होता, मागची चाकं जागच्या जागी फिरत होती. भालेराव सर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून टेम्पोला खांदा लावून उभे. शाळेत गणित शिकवणारा माणूस, पण त्या चिखलात तसं कुणाला वाटलं नसतं.

हे जीपमधून उतरले, वाकून चिखल पाहिला, परत चढले. एक छोटा दांडा ओढला. त्याने पुढची चाकंही जोर लावायला लागतात. अठरा वर्षं तो दांडा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि तो कशाला आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं. जीप चिखलात शिरली. घसरली नाही, धावली नाही, एखाद्या जाणत्या बैलासारखी पाय दाबत गेली. टेम्पोच्या पुढे उभी राहिली, साखळी अडकवून झाली, आणि हे मान बाहेर काढून मागे बघत, तोंडाने "हां... हां... ये..." करत तिला हळूहळू पुढे घेत राहिले. टेम्पो चिखलातून निघाला. तिथल्या माणसांनी ओरडून दाद दिली.

मी यांच्याकडे बघत होते. कपाळावर चिखल उडालेला, डोळे लहान झालेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी ते आमच्या लग्नाच्या वर्षी पाहिलं असेन, नंतर नाही. रविवारी मला दोन पायच दिसत होते. चेहरा जीपखाली असायचा. मी त्यांच्याकडे जायला निघाले. पण सर धावत येऊन यांचे दोन्ही हात धरून सांगत होते, "साहेब, आता दुसरा विचार नाही. हीच पाहिजे मला." जीपने आपल्या सगळ्यात चांगल्या कामाने स्वतःलाच विकलं होतं.

ओसरीवर बुद्धाच्या तसबिरीखाली कागदांवर सह्या झाल्या. यांनी सरांना जीपच्या खोडी एकेक करून सांगितल्या: उन्हात ओलं फडकं, घाटात पाणी, थंडीत आधी चोक. सर वहीत लिहून घेत होते. मी उठून घमेलं इंजिनाखाली ठेवलं आणि सरांच्या आईंना म्हणाले, "हे इथेच राहू दे. लागेल."

म्हातारीने मान हलवली. "घमेलं ऱ्हाऊ द्या. पर दावं (जनावर बांधायचा दोर) देऊ नगा."

"गाडीला कसलं दावं, आई?" सर म्हणाले.

"बैल इकला तरी दावं धनी घरला नेतो. जनावराबरुबर दावं दिलं तर घरातली बरकत जाती. आमी न्हाय कुनाचं दावं घेत." आणि यांच्याकडे वळून, "राव, काय तरी न्या तिचं."

हे जीपकडे गेले. मग त्यांनी बाकाखालून सुरू करायचं लोखंडी हँडल काढलं. बॅटरी दगा देई तेव्हा पुढून घालून फिरवायचं ते. वीस वेळा तरी त्याने यांचं मनगट मुरगाळलं असेल. "हे नेतो. बॅटरी नवी आहे, तुम्हाला लागणार नाही." म्हातारीने जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ते गुंडाळून दिलं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण सह्या झाल्या होत्या, सरांची सून जीपला फुलांचा हार घालत होती, आणि इतक्या लोकांसमोर आपला शब्द फिरवायची मला लाज वाटली.

सरांनीच जीपमधून इंदापूर स्टँडवर सोडलं. यांनी त्यांना एकदाही "क्लच सावकाश" म्हटलं नाही. पुण्याची हायवेची गाडी लागली होती, ती सोडून यांनी बारामतीची धरली. "कालव्याच्या बाजूने जाऊ," एवढंच म्हणाले. बारामतीला गाडी बदलली. गुंडाळलेलं हँडल पूर्णवेळ यांच्या मांडीवर होतं.

दिवस मावळायला कऱ्हाटीच्या फाट्यावर एसटी थांबली. आबा पाण्याची बाटली भरून द्यायला खिडकीशी आले आणि आम्हाला ओळखलं. "तात्या! जीप कुठं हाय?"

"दिली."

"बरं केलं. परवडत न्हवतीच की. बाईच म्हनल्या सकाळी."

"परवडत होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आबा, परवडत होती. मी उगाच म्हणायची."

आबांनी बाटली आत दिली. कंडक्टरने घंटी ओढली. बरंच पुढे गेल्यावर हे खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "सकाळी त्या बाकावर हे बोलली असतीस, तर मी तिथूनच गाडी वळवली असती."

चिडून बोलले असते तर मला भांडता आलं असतं. ते चिडलेले नव्हते.

पुढचा रविवार उजाडला. अंगणात तेलाचा जुना डाग होता, नवा थेंब नव्हता. हे आठ वाजता उठले, आंघोळ केली, स्वच्छ कपडे घातले. वर्तमानपत्र वाचलं, मग त्यातल्या जाहिराती वाचल्या. दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हात इतके स्वच्छ मी त्यांचे कधी पाहिले नव्हते.

"काही काम आहे का गं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ऐकायला मी अठरा वर्षं थांबले होते. मी सगळं घर आठवून पाहिलं, आणि मला एकही काम सुचलं नाही.

"नाही," मी म्हणाले.

"बरं," म्हणून हे बाहेर गेले. थोड्या वेळाने मी डोकावले तर पायरीवर बसून, लुगड्याचा तो तुकडा सोडून, हे हँडलला तेल लावत होते.